बी.कॉम.ला असताना खगोलशास्त्र घेतलं: दोन सत्रांनंतरचा अनुभव

आधीच सांगते, विषय घेण्यासारखा आहे. मात्र 'सोपे क्रेडिट' म्हणून घेऊ नका, आणि पहिल्याच सत्रात आकाश बघायला मिळेल ही आशा तर मुळीच धरू नका.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे कॉमर्स-आर्ट्सवाल्यांनाही आपल्या शाखेबाहेरचा एखादा विषय घ्यावा लागतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या कॉलेजात त्या यादीत 'खगोलशास्त्राची ओळख' होतं. दहावीनंतर मी विज्ञानाचं पुस्तक उघडलेलं नव्हतं. घरी सांगितल्यावर पहिली प्रतिक्रिया आली ती मावशीची, "मग आमच्या पोराची पत्रिका बघशील ना?" असो.

पहिलं सत्र जुलैत सुरू झालं, म्हणजे भर पावसात. अभ्यासक्रम ज्याने आखला त्याने कोकणातला श्रावण पाहिलेला नसावा. 'निरीक्षण सत्र १', 'निरीक्षण सत्र २' असं वेळापत्रकात छापलेलं, आणि बाहेर धो धो. मग वर्गातल्या पडद्यावर स्टेलारियम लावून आकाश फिरवायचं. हे सॉफ्टवेअर मोफत आहे, उत्तम आहे, आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश घालून कुठल्याही तारखेचं आकाश दाखवतं. पण पडद्यावरचा तारा तो पडद्यावरचाच. ७ सप्टेंबर २०२५ चं खग्रास चंद्रग्रहण आम्हाला ढगांच्या फटींतून मिळालं. आदल्या दिवशीच अनंत चतुर्दशी झालेली, सगळे विसर्जनाने दमलेले, तरी रात्री अकराला खग्रास अवस्था सुरू झाली तेव्हा निम्मा वर्ग जागा होता. मध्येच तांबूस चंद्र दिसायचा आणि पुन्हा ढगात जायचा. पृथ्वीच्या सावलीत गेलेला चंद्र काळा न पडता तांबडा का होतो, तर वातावरणातून वाकून आलेला सूर्यप्रकाश त्याच्यावर पडतो आणि त्यातला निळा भाग वाटेतच विखुरलेला असतो, हे त्या रात्री कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

नोव्हेंबरात आकाश मोकळं झालं आणि कॉलेजची सहा इंची दुर्बीण कपाटातून बाहेर आली. सगळ्यांना शनी बघायचा होता. शनी दिसला, पण कडी जवळजवळ नाहीच! गोल ठिपका आणि त्याच्या आरपार गेलेली एक बारीक रेघ. एकाने सरळ विचारलं, "सर, हाच का तो?" गंमत अशी, की मार्च २०२५ मध्ये पृथ्वी शनीच्या कड्यांच्या प्रतलातून गेली होती आणि नोव्हेंबरातही आपण ती कडी जवळपास कडेनेच बघत होतो. साधारण दर पंधरा वर्षांनी असं होतं, आणि ते नेमकं आमच्या वाट्याला आलं. त्याची भरपाई जानेवारीत गुरूने केली. १० जानेवारी २०२६ ला तो सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला होता, रात्रभर मिथुन राशीत झगमगत. चारही मोठे चंद्र एका ओळीत दिसले. वहीत ठिपके काढून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं, तर जागा बदललेल्या. सर्वांत आतला आयो पावणेदोन दिवसांत गुरूला फेरी मारतो, म्हणून एका रात्रीतही फरक दिसतो. माझ्या मते सबंध वर्षातलं सर्वांत मोलाचं प्रात्यक्षिक हेच, आणि त्याला दुर्बीण आणि वही-पेन्सिलीपलीकडे काही लागलं नाही.

गणिताची धास्ती अनेकांना असते. मला उलट कॉमर्सचा फायदाच झाला. केप्लरचा तिसरा नियम म्हणजे ग्रहाच्या फेरीच्या काळाचा (वर्षांत) वर्ग बरोबर सूर्यापासूनच्या अंतराचा (पृथ्वीच्या पटीत) घन. गुरूचं अंतर पृथ्वीच्या ५.२ पट, त्याचा घन साधारण १४०.६, त्याचं वर्गमूळ ११.८६, तेवढ्या वर्षांत गुरू सूर्याभोवती फिरतो. कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचं काम. ताऱ्यांच्या प्रतीचं (म्हणजे तेज सांगणाऱ्या आकड्याचं) प्रकरण सायन्सच्या मुलांनाही जड गेलं, पण ते सरळसरळ चक्रवाढ व्याज आहे. एका प्रतीचा फरक म्हणजे तेजात सुमारे अडीच पट, पाच प्रतींचा फरक म्हणजे बरोबर शंभर पट. फक्त आकडा जितका कमी तितका तारा तेजस्वी, व्याध तर उणे १.४६, एवढं उलटं डोक्यात बसवलं की झालं. खरी अडचण इंग्रजी संज्ञांची आली. शिकवणं मराठीत, पुस्तक इंग्रजीत, पेपर दोन्हींचं कडबोळं.

पुस्तकाबद्दल माझी मोठी तक्रार आहे. लावलेलं पुस्तक परदेशी. त्यातला ध्रुवतारा आकाशात चांगला उंच, चाळीस अंशांच्या वर. रत्नागिरी १७ अक्षांशावर, म्हणून आपला ध्रुव क्षितिजापासून फक्त १७ अंशांवर. हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश होतात, म्हणजे दोन मुठीसुद्धा नाहीत. आमच्या वाडीतून तो माडांच्या मागेच राहतो. उलट त्याच पुस्तकात त्रिशंकू तारकासमूह म्हणजे दक्षिण गोलार्धाचं वैभव, वाचकाने नकाशावर बघून समाधान मानावं अशा थाटात. अहो, एप्रिल संपता संपता रात्री साडेदहा-अकराला आरे-वारेच्या किनाऱ्यावर दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा, त्रिशंकू समुद्रावर उभा असतो आणि त्याच्या डावीकडे नरतुरंग तारकासमूहातले मित्र आणि मित्रक हे तारे! अगस्तीचा तारा तर हिवाळाभर दिसतो. आडवं येतं ते दुसरंच काही. बंदी असूनही एलईडी लावून मासेमारी करणाऱ्या बोटी क्षितिजावर आल्या, की तेवढ्या भागातले तारे गेलेच.

अभ्यासक्रमात भरती-ओहोटीला एक तास होता. मला त्यावर महिना चालला असता. आमच्या शेजारचे काका मिरकरवाडा बंदरातल्या बोटींवर आयुष्य काढलेले. त्यांचा हिशेब असा, की तिथीची पाऊणपट करायची, आली भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा, ठिकाणानुसार थोडं मागेपुढे. वर्गात कळलं ते असं. एक तिथी म्हणजे चंद्राने सूर्यापासून बारा अंश पुढे जाणं. पृथ्वीला बारा अंश फिरायला ४८ मिनिटं लागतात, म्हणून भरती रोज साधारण तेवढी उशिरा येते. काकांची पाऊणपट म्हणजे ४५ मिनिटं. दर तिथीला तीन मिनिटं कमी पडतात आणि पौर्णिमेपर्यंत पाऊण तासाचा फरक पडतो, हिशेबाने सव्वा अकरा आणि यायला हवेत बारा. पण प्रतिपदेपासून मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते, त्यामुळे चूक साठत नाही. बिनकागदाचं इतकं नेटकं गणित! उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) यांचंही तसंच. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येते, अष्टमीला काटकोनात. सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी, म्हणून अष्टमीला भरती पुरती मरत नाही, नुसती बसते. काकांना हे सगळं सांगितलं तर म्हणाले, "हे शिकायला फी भरलीस काय गो?" पण दिवसातून दोनदा भरती का, हे त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं. चंद्राची ओढ जवळच्या बाजूला जास्त आणि पलीकडच्या बाजूला कमी पडते, त्या फरकामुळे पाणी दोन्हीकडे फुगतं. ते त्यांना नारळ फिरवून दाखवलं तेव्हा पटलं.

तसंच मृगाचं. ७-८ जूनला मृग नक्षत्र लागतं, शेतकरी पेरणीच्या तयारीला लागतात, पण त्या दिवसांत मृगाचे तारे रात्री शोधून सापडत नाहीत. कारण सूर्यच त्या नक्षत्रात असतो. मृग बघायचा तर डिसेंबर-जानेवारीत. शिवाय पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत एक घिरटी घेतो, त्यामुळे ही नक्षत्रं ऋतूंच्या मानाने साधारण ७० वर्षांत एका दिवसाने पुढे सरकतात. उत्तरायण २२ डिसेंबरला आणि मकरसंक्रांत १४-१५ जानेवारीला, हा घोळ त्यातलाच.

वर्णपटाचं (प्रकाश फाकून दिसणाऱ्या रंगांच्या पट्ट्याचं) प्रकरण मात्र मन लावून शिकवलं, शंभरपैकी शंभर गुण. खोक्याला ब्लेडने बारीक फट, आत जुन्या सीडीचा तुकडा, झाला वर्णपटदर्शक. घरातला सीएफएल दिवा त्यातून बघितला तर सलग पट्टा नाही, सुट्या रेघा, त्यातली हिरवी ठळक रेघ पाऱ्याची. पेज उतू जाऊन गॅसची ज्योत पिवळी होते ना, ती मिठातल्या सोडियममुळे. आणि इथून विषय थेट विजयदुर्गावर गेला. किल्ल्यावरचे 'साहेबाचे कट्टे' आपल्याकडे सगळ्यांना माहीत, तिथूनच इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने हेलियम शोधला असं लहानपणापासून ऐकलेलं. सरांनी तारखा फळ्यावर लिहिल्या. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेनने गुंटूरला पाहिलं. लॉकियर तेव्हा इंग्लंडात होता. त्याने २० ऑक्टोबरला ग्रहण नसताना, तिथूनच, सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट घेतला. सोडियमच्या जोडरेघेशेजारी, पण तिच्याशी न जुळणारी, ५८७.६ नॅनोमीटरची ती पिवळी रेघ म्हणजे हेलियम. पृथ्वीवर तो रसायनशास्त्रज्ञ रॅमसेला सापडला १८९५ मध्ये. वर्गात देवगडकडची, म्हणजे विजयदुर्गाच्याच तालुक्यातली, दोन मुलं होती, ती जाम भडकली. मला विचाराल तर खरी हकीकत जास्त रंगतदार आहे. पृथ्वीवर सापडायच्या आधी २७ वर्षं एक मूलद्रव्य नुसत्या रेघेवरून ओळखलं गेलं, याच्यापुढे कट्टा कोणाचा हा वाद किरकोळ आहे.

खटकलं ते हे, की इतिहासाचा भाग ग्रीकांवरून कोपर्निकसवर आणि तिथून गॅलिलिओवर गेला. दापोलीजवळच्या मुरुडला १८५३ मध्ये जन्मलेले शंकर बाळकृष्ण दीक्षित, ज्यांनी भारतीय ज्योतिषाचा पहिला मोठा इतिहास मराठीत लिहिला, त्यांचं नाव अख्ख्या सत्रात एकदाही आलं नाही. कोकणातल्या कॉलेजात हे चालतं कसं?

परीक्षेबद्दल काय बोलायचं. वर्षभर आकाश बघायचं आणि पेपरात 'व्याख्या लिहा, कोणत्याही पाच'. निरीक्षणवहीला गुण नाममात्र, त्यामुळे बऱ्याच जणांनी ती शेवटच्या आठवड्यात एकमेकांची बघून भरली.

निवडायची मुभा असेल तर दुसरं सत्र घ्या, डिसेंबर ते एप्रिलचं. दुर्बीण विकत घ्यायची घाई नको, १० × ५० ची द्विनेत्री (बायनॉक्युलर) पुरते. कृत्तिकांचे तारे तिच्यातून दुर्बिणीपेक्षाही छान दिसतात, आणि अंधाऱ्या किनाऱ्यावरून देवयानी तारकासमूहातली ती २५ लाख प्रकाशवर्षांवरची दीर्घिका (गॅलक्सी) पुसट धुक्यासारखी सापडते. शून्य सावलीचा दिवस (भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते तो) रत्नागिरीत मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास येतो, तेव्हा कॉलेजला सुट्टी असते. तो घरच्या अंगणात काठी रोवून स्वतःच बघा, कारण ऑगस्टातला दुसरा ढगात जातो.

मुलींसाठी एक वेगळी सूचना. निरीक्षण रात्री नऊनंतर असतं आणि कॉलेज घरी पोचवायची सोय करत नाही. आम्ही तिघींनी मिळून एकीच्या भावाची रिक्षा ठरवली होती. तुमच्याकडे तशी सोय नसेल तर नाव नोंदवण्याआधी शेवटची एसटी किती वाजता सुटते ते विचारून ठेवा.