गवती चहावाली जिन भारी, पण 'हेल्दी' म्हणू नका
गोव्यातल्या आसगावच्या एका बारमध्ये गवती चहा आणि तुळस मुरवलेल्या 'हापुसा' या भारतीय ब्रँडच्या जिनचं कॉकटेल घेतलं, वास तर काय सांगू, पहिल्या पावसात परसदारी उभं राहिल्यासारखं! हापुसात हिमालयातलं जुनिपर (जिनला तिची खास चव देणारं बोरासारखं फळ), त्यामुळे तो मातकट कडवटपणा गवती चहाशी मस्त जमतो. पण मेन्यूवर 'हर्बल, लो कॅलरी' लिहिलंय ते काय पटलं नाही बुवा, ६० मिली जिनमध्येच दारूच्या साधारण १४० कॅलरी आल्या, वरून साखरेचा पाक आणि टॉनिक वॉटर, त्यातही साखर असतेच. चार पानं मुरवून व्हिटॅमिन वगैरे नावालाच. पाक कमी करून सोडा घालायला सांगा, चव उलट खुलते. सोबत काजू मात्र मऊ पडलेले.