ईआयएन नंबर पाहिला आणि बारा हजार डॉलर घालवले

२०२४ साली मला त्र्याहत्तरावं पूर्ण झालं आणि आरएमडी मागे लागली, म्हणजे आयआरए या निवृत्तीच्या बचत खात्यातून दरवर्षी ठरावीक रक्कम काढायची सक्ती. न्यू जर्सीत उभी हयात नोकरी करून साठवलेला पैसा. त्यावर तेव्हा कर भरला नव्हता, त्यामुळे काढला की सरकार हिस्सा मागणारच. त्यातून एक कायदेशीर वाट आहे. वयाची साडेसत्तर वर्षं झाली की आयआरएतून थेट धर्मादाय संस्थेला पैसे देता येतात. ती रक्कम उत्पन्नात धरत नाहीत, वर आरएमडीतूनही वळती होते. याला इथे क्यूसीडी म्हणतात. त्या वर्षी मर्यादा माणशी १,०५,००० डॉलर होती. माझी उडी बारा हजारांची.

ही सगळी माहिती मला, ज्या गृहस्थानं माझे पैसे घेतले, त्यानंच दिली. आणि ती शब्दन् शब्द खरी होती! घरी येऊन मी पडताळून पाहिली, आणि माहिती खरी म्हणून माणूसही खरा धरला.

गणपतीत हॉलच्या दाराशीच त्याचं टेबल होतं. बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी वसतिगृह. आईबाप दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात, पोरं बरोबर गेली की शाळा बुडते. हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. माझं आजोळ तिकडचंच, आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. "काका, भारतातल्या ट्रस्टला क्यूसीडी चालत नाही, इथली संस्था लागते. ती आम्ही काढलीय," तो म्हणाला. हेही निम्मं खरंच.

कागद मी मागितले होते, बरं का. त्यानं नॉन-प्रॉफिट कॉर्पोरेशनचं, राज्याचा शिक्का असलेलं प्रमाणपत्र दाखवलं आणि ईआयएन नंबर, म्हणजे संस्थेचा कर-ओळख क्रमांक, लिहून दिला. मी खूश. आता कळतंय की त्या दोन्हींना करमाफीच्या बाबतीत काडीची किंमत नाही. राज्याकडे अशी नोंदणी थोडी फी भरून कुणीही करतो. ईआयएन तर आयआरएसच्या, म्हणजे इथल्या कर खात्याच्या साइटवर फुकट, काही मिनिटांत मिळतो. ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था असल्याची मान्यता वेगळी, तिच्यासाठी आयआरएसकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो, आणि तो यानं केलाच नव्हता.

माझ्या आयआरए खात्याला चेकबुक आहे. संस्थेच्या नावानं चेक लिहिला, मेमोत 'आईच्या स्मरणार्थ' लिहिलं, त्याच्या हातात दिला. चेक वटला. खातं सांभाळणारी कंपनी मध्ये काही विचारेल असं मला वाटत होतं. ती विचारत नाही. संस्था पात्र आहे की नाही, हे बघायची जबाबदारी देणाऱ्याची.

मार्चमध्ये आमचा कराचा हिशेब बघणाऱ्या सीपीए बाईंनी पोचपावती मागितली. देणगीच्या बदल्यात कोणतीही वस्तू किंवा सेवा दिलेली नाही, असं तीत लिहिलेलं लागतं. मी त्याला व्हॉट्सॲप केलं. "पाठवतो काका, सध्या भारतात आहे." आठवड्यानं तेच उत्तर. मग निळ्या खुणाही बंद. बाईंनी आयआरएसच्या करमुक्त संस्थांच्या यादीत तो नंबर टाकला. काही आलं नाही. त्यांना दोन मिनिटंही लागली नसतील. मी त्याच रात्री मामेभावाला फोन लावला. माहितीपत्रकातली इमारत गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेची निघाली. हेडमास्तरांनी या संस्थेचं नावही ऐकलं नव्हतं.

क्यूसीडी अर्थातच बाद. खात्यातून काढलेली रक्कम दाखवणाऱ्या १०९९-आर फॉर्मवर आलेले बारा हजार सरळ उत्पन्नात धरले गेले. मी २२ टक्क्यांच्या गटात, म्हणजे २,६४० डॉलर केंद्राचा कर, तोही हातात न राहिलेल्या पैशावर. आरएमडी तेवढी पुरी झाली. बायको म्हणाली, "चला, काहीतरी नियमात बसलं."

आता मी यादीत नाव शोधतो, राज्याच्या धर्मादाय नोंदणीतही बघतो, आणि चेक खात्याच्या कंपनीकडूनच संस्थेच्या पत्त्यावर पाठवायला सांगतो. मध्यस्थाच्या हातात देत नाही, मग तो कितीही गोड मराठी बोलो.

आमच्या ओळखीतल्या आणखी दोन घरांनी त्याला पैसे दिलेत. एकानं रक्कम सांगायला नकार दिला. दुसरे म्हणाले, "आपल्याच माणसाविरुद्ध कुठे लिहायचं? चारचौघांत नाचक्की आपलीच." मी राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे एकट्याच्याच नावानं तक्रार केली आहे. तक्रार मिळाल्याचं पत्र आलं, पुढे अजून काही नाही.