आठ महिने, अकरा डबे : एअर रायफलच्या पेलेटचा अनुभव

खांद्यावर रायफलची लांबडी बॅग दिसली की गल्लीत कुणी ना कुणी विचारतंच, "काय भावा, डुक्कर मारायला निघालास काय?" उसात डुकरं घुसतात हे खरं, पण वन्यजीव कायद्यामुळं हौशी शिकार हा विषय संपला. आता दाजीपूरला जायचं ते गवे बघायला. मी मारतो ते दहा मीटरवरचा कागद.

हे सगळं सुरू झालं मावसभावामुळं. तो अमेरिकेत असतो, मोंटानात. तिथं हरणाच्या सीझनला रीतसर परवाना मिळतो आणि गडी आपल्या रायफलची काडतुसं गॅरेजात स्वतः भरतो. व्हिडिओ कॉलवर एकदा काडतुसांच्या रिकाम्या पितळी केसेस तराजूवर तोलून वेगळ्या लावताना दिसला. मी शिरोली एमआयडीसीत क्वालिटीला आहे, दिवसभर मापं घ्यायचा व्हर्नियर हातात. असलं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात. आपल्याकडं परवान्याशिवाय घरात काडतूस भरणं म्हणजे शस्त्र कायद्याखाली गुन्हा, तो नाद नको. पण ४.५ मिलिमीटरची, २० ज्यूलच्या आतल्या ताकदीची एअर रायफल २०१६ च्या नियमांप्रमाणं विनापरवाना घेता येते. तिच्यात भरायला बारूद नाही, ठिणगी पाडणारी टोपी नाही. निवडायचं ते फक्त पेलेट, म्हणजे शिशाची बारकी गोळी. म्हटलं, चला, आपलं रिलोडिंग हेच.

रायफल सेकंडहँड, जर्मन. तिच्याबद्दल एवढंच सांगतो की घेताना तिच्या हवेच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख बघा. बहुतेक कंपन्या हवेच्या सिलिंडरला दहा वर्षांची मुदत देतात. मी बॅरलमध्ये टॉर्च मारून बघितली, ट्रिगर बघितला, स्टॉकवरचे ओरखडे मोजले, आणि तारीख बघायची राहिली. घरी आल्यावर कळलं, मुदत संपून दोन वर्षं झालेली. विकणाऱ्यानं नंतर फोन उचलला नाही. २०० बारचा दाब गालाला टेकून बसायचं, त्यात चालढकल नको, म्हणून नवं सिलिंडर घेतलं आणि स्वस्तात मिळालेली रायफल महाग पडली.

आता पेलेट. पहिला डबा स्वस्तातला देशी घेतला, नंतर स्पर्धेचे, म्हणजे मॅचचे: आरडब्ल्यूएस कंपनीचे आर टेन आणि एच अँड एन कंपनीचे फिनाले मॅच. दोन्ही ०.५३ ग्रॅमचे, चपट्या तोंडाचे, म्हणजे कागदाला पंचिंग मशीननं मारल्यासारखं स्वच्छ भोक पडतं. मला पाचशेचा डबा साडेबाराशेला पडला, म्हणजे अडीच रुपयांना एक. घरी सांगताना मी "रुपयाला एक" सांगतो.

हुपरीचा एक मित्र चांदीच्या धंद्यात आहे, त्याच्याकडून मिलिग्रॅम दाखवणारा काटा आणला. दोन रात्री पंखा बंद करून, चिमट्यानं एकेक पेलेट उचलून पाचशेचा डबा तोलला. पंखा चालू असला की शेवटचा आकडा नाचतो. मॅचच्या डब्यातले जवळपास सगळे ०.५३० ते ०.५३४ मध्ये बसले. देशी डब्यात ०.५०२ पासून ०.५४१ पर्यंत जत्रा होती. वजनाप्रमाणं बाटलीच्या झाकणांत ढीग लावले. आईनं विचारलं, "होमिओपॅथी सुरू केलीस काय रे?"

मग वर्कशॉपमधल्या व्हाइसच्या जबड्यांना रबर लावून त्यात रायफल आवळली, मागं जाड लोखंडी पेटी ठेवली आणि बरोबर दहा मीटरवरून दहा-दहा शॉटचे पाच गट मारले. गट जेवढा लहान, तेवढी भोकं जवळजवळ. तोललेले आणि न तोललेले. भोकाच्या बाहेरच्या कडा मोजल्या तर तोललेल्यांचा सरासरी गट ६.१ मिलिमीटर आणि न तोललेल्यांचा ६.२. दोन रात्रींची कमाई ही. चांगल्या डब्यातले पेलेट तोलत बसू नका. देशी डबा तोलून थोडा सुधारला, पण तेवढ्या वेळात दोन शिफ्टचा ओव्हरटाइम होतो.

६.२ म्हणजे चांगलं का वाईट? कार्डावरचा दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटरचा असतो, पेनाची टीप टेकवल्यासारखा. पण पेलेट साडेचारचा आणि ठिपक्याला नुसता शिवला तरी दहा. म्हणजे पेलेटचं केंद्र मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडलं पाहिजे. तिथून आत दर पाव मिलिमीटरला एक दशांश वाढतो, १०.९ पर्यंत. बाहेरून ६.२ मधून पेलेटचा साडेचार वजा केला की केंद्रं एकमेकांपासून जास्तीत जास्त १.७ वर. व्हाइसमध्ये माझी रायफल दहाच्या बाहेर जातच नाही. हातात घेतली की साठ शॉटची सरासरी ९.६ येते. दोष कुणाचा, हे वर्कशॉपमधल्या पोरांनीही लगेच ओळखलं.

फरक पडला तो दोन गोष्टींनी. पहिली, पेलेटच्या डोक्याचा साइज. डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असं लिहिलेलं असतं. मी आधी मायक्रोमीटर लावायला गेलो. शिसं एवढं मऊ की रॅचेटच्या एका टिकसरशी दबतं, दर वेळी वेगळं माप. इतक्या वर्षांची नोकरी आणि मोजता येईना! सरळ मारूनच बघितलं. माझ्या बॅरलला ४.४९ आवडतो, त्याच कंपनीचा ४.५१ मारला की गट साडेसातच्या वर. दुसऱ्याच्या बॅरलला उलटंही आवडेल. भावाचा सल्ला इथं कामाला आला: एका वेळी एकच गोष्ट बदल, आणि वहीत लिही. बॅरल साफ केल्यावरचे पहिले दहा-पंधरा शॉट हिशेबात धरायचे नाहीत, हेही वहीमुळंच ध्यानात आलं.

दुसरी, मागची कड. पेलेटचा मागचा घेर कागदासारखा पातळ असतो आणि हवेचा सगळा धक्का तोच घेतो. फरशीवर पडलेले वीस पेलेट मी मुद्दाम बाजूला ठेवले होते. वरवर बघितलं तर शाबूत, पण उजेडात फिरवले की घेर किंचित लंबगोल दिसतो. त्यांचा गट नऊच्या पुढं गेला. एकदा ऑनलाइन मागवलेला डबा कुरिअरमध्ये आपटून आला, उघडला तर दर पाचातला एक चेपलेला, आणि विक्रेत्यानं परत घेतला नाही. तेव्हापासून समोर डबा उघडून दाखवणाऱ्याकडूनच घेतो आणि पडलेला पेलेट उचलून थेट भंगारात टाकतो. अडीच रुपये गेले तर गेले.

कोल्हापूरचा पाऊस हा वेगळाच शत्रू. सिलिंडर हातपंपानं भरतो, शंभर बारपासून दोनशेपर्यंत दीडशेच्या आसपास झटके बसतात, पैलवानकीची हौस तिथंच फिटते. जुलैच्या दमट हवेत पंपात पाणी साचतं, म्हणून मध्ये थांबून ते सोडावं लागतं, नाहीतर ओल सिलिंडरमध्ये जाते. पंपाच्या जोडाला साधं तेल किंवा ग्रीस कधीच लावू नका. एवढ्या दाबाखाली ते पेट घेऊ शकतं. डब्यात सिलिका जेलची पुडी न ठेवल्यानं माझ्या एका डब्यावर पांढरी भुकटी आली. ते शिशाचंच विष, फुंकर मारायची नाही. डबा तसाच बांधून टाकला. बोटं काळी होतात ती साबणानं धुतल्याशिवाय भडंगाच्या पुड्याला हात लावत नाही, आणि डबे पोरांच्या हाताला येणार नाहीत असे कपाटात वर.

नेमबाजीत आमच्या कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली, पिस्तूलवाली राही सरनोबत आहे, आणि १ ऑगस्ट २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमधून ब्राँझ आणलं. तेव्हापासून रेंजवर पालकांची गर्दी आहे आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न, "कुठली रायफल घेऊ?" स्वप्नीलचा प्रकार ५० मीटरचा, तिथं .२२ ची काडतुसं लागतात आणि वरच्या पातळीवरचे नेमबाज त्यांचे लॉट, म्हणजे एकाच खेपेत बनलेला माल, आपल्या बॅरलमधून मारून बघून मगच घेतात. आमच्याकडं मात्र नवी रायफल आणि मिळेल तो डबा असं चालतं.

मी एकाच लॉटचे चार डबे घेतले होते. परवा त्याच लॉटचे अजून मागायला फोन केला तर दुकानदार हसला, "लॉट नंबर विचारणारा तूच पहिला रे." त्याच्याकडचा तो लॉट संपलाय. माझ्याकडं दीड डबा उरलाय. नवा आला की पुन्हा व्हाइस, पुन्हा दहा-दहाचे पाच गट.