डेस्कटॉप आणि सर्व्हर: बदलायची वेळ दोघांची वेगळी

सांगली-मिरज भागातल्या छोट्या ऑफिसांचे संगणक मी बरीच वर्षं सांभाळतो आहे. त्यात सीएंची ऑफिसं आहेत, पतसंस्था आहेत, औषधांचे होलसेलर आहेत. मार्चची धावपळ संपली की फोन येतो, "मशीन जुनी झालीत, सगळी एकदम बदलून टाकू का?" या 'सगळी'मध्ये कोपऱ्यातला सर्व्हरही, म्हणजे सगळ्या ऑफिसचा डेटा ठेवणारं सामायिक मशीनही, धरलेला असतो.

तो आधी वेगळा काढा. डेस्कटॉप बंद पडला तर एकाचं काम अडतं, आणि तो तासाभरात दुसऱ्या मशीनवर बसतो. सर्व्हर बंद पडला की बारा माणसं एकदम रिकामी बसतात, आणि त्या दिवशी २० तारीख असली तर जीएसटीची रिटर्नंही अडकतात. म्हणून डेस्कटॉप चालतोय तोवर चालवावा आणि सर्व्हर कुरकुरायच्या आत बदलावा. बहुतेक ठिकाणी मला याच्या नेमकं उलटं दिसतं. साहेबांच्या टेबलावर दर तीन वर्षांनी नवं मशीन येतं आणि सर्व्हर दहा वर्षं तोच असतो, कारण तो कुणाच्या डोळ्यांसमोर नसतो.

डेस्कटॉप: दुरुस्ती, रिफर्बिश्ड की नवं

आधी प्रोसेसरचा नंबर बघा. आय५-४५७० म्हणजे चौथी पिढी, आय५-८४०० म्हणजे आठवी. विंडोज १०चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, एएमडीमध्ये साधारण रायझन २००० मालिकेपासून पुढे चालतं. त्यामुळे निर्णयाची रेघ आठव्या पिढीवर पडते, मशीनच्या वयाला त्यानंतरचं स्थान.

मशीन रेघेच्या अलीकडचं, म्हणजे आठव्या पिढीचं किंवा नवं असेल तर ते विकू नका. एका ऑफिसात ज्येष्ठ अकाउंटंट बाई सकाळी मशीन चालू करायच्या, देवाच्या फोटोला उदबत्ती लावायच्या, चहा घ्यायच्या आणि मग टॅली उघडायच्या. त्याआधी उघडायचंच नाही. मालकांनी नव्या मशीनचं कोटेशन मागवलं होतं. मी कॅबिनेट उघडलं तर आत आठव्या पिढीचा आय५, ४ जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क. एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) टाकली, रॅम ८ जीबी केली, पंख्यातली धूळ काढली, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलली. आता उदबत्ती लागेपर्यंत टॅली उघडलेलं असतं. २०२५च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडीचे भाव चढले आहेत, तरीही हा खर्च नव्या मशीनच्या जवळपाससुद्धा जात नाही.

रेघेच्या पलीकडच्या मशीनवर मात्र पैसे घालू नका. चौथ्या पिढीच्या मशीनला एसएसडी लावली तर ते पळेल, पण त्यावर विंडोज ११ रीतसर बसणार नाही. युक्त्या करून बसवून देणारे आहेत. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतील याची खात्री मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि ज्या मशीनवर लोकांचे पॅन, आधार आणि बँकेचे पासवर्ड आहेत तिथे मी असलं काम करत नाही. विंडोज १०चे जादा अपडेट विकत घ्यायचे तर व्यवसायांसाठी पहिल्या वर्षी प्रति मशीन ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी १२२ आणि तिसऱ्या वर्षी २४४ असा दर आहे. दुसऱ्या वर्षी जागे झालात तर पहिल्या वर्षाचेही भरावे लागतात. तीन वर्षांचे ४२७ डॉलर जुन्या डब्यावर घालवण्यात मला अर्थ दिसत नाही. एखादं जुनं मशीन फक्त इंटरनेट आणि ईमेलसाठी असेल तर त्यावर लिनक्स छान चालतं. टॅलीसाठी मात्र विंडोजच हवं.

मग रिफर्बिश्ड (वापरलेलं, नीट करून पुन्हा विकलेलं) की नवं? मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरून मशीन बाहेर काढतात, त्यातले ऑप्टिप्लेक्स, प्रोडेस्क, थिंकसेंटर असे ऑफिसवर्गातले डेस्कटॉप बाजारात येतात. त्यांचा पॉवर सप्लाय आणि बांधणी स्वस्तातल्या नव्या असेंबल्ड मशीनपेक्षा बऱ्याचदा भक्कम असते. एंट्री करणाऱ्यांसाठी मी निःशंकपणे तेच सुचवतो. अट एवढीच की आठवी पिढी किंवा पुढची, जीएसटी बिल आणि विंडोजचं खरं लायसन्स. ज्याला आणखी सहा-सात वर्षं बघायचंच नाही, त्याने नवं घ्यावं आणि वॉरंटी ऑनसाइट (ऑफिसात येऊन दुरुस्तीची) आहे ना, ते विचारून घ्यावं. सगळी एकाच वर्षी बदलू नका. दरवर्षी दोन-तीन बदलली की खर्च अंगावर येत नाही आणि सगळी एकदम म्हातारीही होत नाहीत.

सर्व्हर: जुना, नवा की भाड्याचा

एका पतसंस्थेचा सर्व्हर रेकॉर्डच्या खोलीत, फायलींच्या रॅकमागे होता. रेड ५मध्ये, म्हणजे डेटा अनेक डिस्कवर वाटून ठेवायच्या पद्धतीत, तीन डिस्क होत्या. एक गेली तरी काम चालू राहतं, दुसरी गेली की सगळं जातं. मी पहिल्यांदा तिथे गेलो तो दुसरी गेल्यावर. रॅक सरकवला तर एका डिस्कवर केशरी दिवा लुकलुकत होता, आणि तो कधीपासून, हे कुणालाच सांगता येईना. तिन्ही डिस्क एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच वयाच्या, त्यामुळे एकीमागोमाग दुसरी गेली यात नवल नव्हतं. बाहेरच्या ड्राइव्हवरचा बॅकअप ११ दिवसांपूर्वीचा निघाला. पुढचा आठवडाभर कर्मचारी रात्री थांबून व्हाउचरवरून नोंदी पुन्हा भरत होते. पिग्मी एजंटांच्या वह्या होत्या म्हणून ताळा जमला.

म्हणून जुना सर्व्हर एएमसीवर (वार्षिक देखभाल करारावर) ओढणं हा पर्याय स्वस्त दिसतो, पण तो सर्वांत महाग पडू शकतो. वॉरंटी संपल्यावर त्याच मॉडेलची डिस्क, रेड कार्डची बॅटरी, पॉवर सप्लाय हे सेकंडहँड बाजारातून मागवावं लागतं, आणि ते यायला दिवस लागतात. शिवाय आतलं सॉफ्टवेअरही म्हातारं होतं. विंडोज सर्व्हर २०१२चा सपोर्ट ऑक्टोबर २०२३मध्ये संपला, २०१६चा १२ जानेवारी २०२७ला संपतो, २०१९चा जानेवारी २०२९मध्ये. माझा नियम असा: हार्डवेअरची वॉरंटी किंवा सॉफ्टवेअरचा सपोर्ट, जे आधी संपेल त्याच्या सहा महिने आधी नव्या सर्व्हरचं कोटेशन हातात हवं.

नवा घेताना दहा-बारा माणसांच्या ऑफिसला अवाढव्य मशीन लागत नाही. ईसीसी (चुका स्वतः सुधारणारी) रॅम, रेड १मध्ये (दोन्हींवर तोच डेटा) दोन एसएसडी आणि सुरुवातीलाच पाच वर्षांची वॉरंटी एवढं पुरे. विंडोज सर्व्हरसाठी माणसागणिक किंवा मशीनगणिक लायसन्स लागतं. विक्रेते ते कोटेशनात धरत नाहीत, म्हणून आधीच विचारा. यूपीएसची बॅटरीही त्याच वेळी बदला.

क्लाउडवर सर्व्हर भाड्याने घेतला तर डिस्क-बॅटरीची कटकट संपते, पण भाडं दरमहा चालू राहतं, आणि नेट गेलं की काम थांबतं. त्यामुळे दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइन लागतात. शाखा अनेक असतील किंवा माणसं घरून काम करत असतील तर मी क्लाउडकडे झुकतो. सगळे एकाच छताखाली बसत असतील तर स्वतःचा सर्व्हर पाच वर्षांच्या हिशेबात सहसा स्वस्त पडतो. पण बॅकअपची एक प्रत बाहेर हवीच. ऑगस्ट २०१९च्या महापुरात इथल्या तळमजल्यांवरची ऑफिसं पाण्याखाली गेली, आणि बॅकअपचा ड्राइव्ह सर्व्हरशेजारच्याच कपाटात ठेवलेल्यांचं दोन्ही बुडालं.

घसारा आणि मुहूर्त

कंपनी कायद्यात डेस्कटॉप-लॅपटॉपचं आयुष्य ३ वर्षं आणि सर्व्हरचं ६ वर्षं धरलं आहे. तो घसाऱ्याचा हिशेब झाला, बदलण्याचा आदेश नव्हे. आयकरात संगणकाचा घसारा ४० टक्के. ५०,००० रुपयांचं मशीन तीन पूर्ण वर्षांनी पुस्तकात १०,८०० रुपयांचं उरतं. मात्र वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर पहिल्या वर्षी निम्माच दर मिळतो. मार्चअखेर घाईने घेणाऱ्यांच्या हे लक्षात राहत नाही. खरेदी करून मशीन वापरात आणायचं ते सप्टेंबर संपायच्या आत.

सर्व्हर बदलण्यासाठी महिन्याचा शेवटचा शनिवार मी निवडतो. २० तारीख उलटलेली असते आणि पुढच्या ७ तारखेचा टीडीएस अजून लांब असतो. त्या दिवशी आधी बॅकअप नव्या सर्व्हरवर उघडून बघायचा, मागच्या महिन्याचा ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी) दोन्हीकडे जुळवायचा, मगच माणसांना नव्यावर बसवायचं. जुना सर्व्हर महिनाभर तसाच ठेवायचा. त्यानंतर डिस्क काढून स्वतःकडे ठेवायच्या आणि उरलेला सांगाडा नोंदणीकृत ई-कचरावाल्याला पावती घेऊन द्यायचा.