लिंक विकायची तर कशी: साधी, टॅग लावून, की विकायचीच नाही?

साइटला जरा वाचक मिळू लागले की मेल सुरू होतात: तुमचा डीए छान आहे, लेख आम्ही देऊ, आत एक कायमची डू-फॉलो लिंक हवी, दर कळवा. डू-फॉलो म्हणजे साधी लिंक; टॅग म्हणजे 'ही लिंक क्रमवारीसाठी मोजू नका' असं गूगलला सांगणारी, लिंकच्या कोडमधली खूण. डीए (डोमेन ऑथॉरिटी) म्हणजे साइट शोधात किती वर येऊ शकेल याचा मॉझ कंपनीने बांधलेला अंदाज. गूगल तो क्रमवारीसाठी वापरत नाही, पण बाजारातला भाव त्याच्यावरच ठरतो.

साधी लिंक विकली तर पैसे सर्वांत जास्त मिळतात. घेणाऱ्याला तुमच्या वाचकांशी फारसं देणंघेणं नसतं, त्याला गूगलजवळची तुमची पत हवी असते. १९९८मध्ये पेजरँकची, म्हणजे येणाऱ्या लिंकवरून पानाचं वजन ठरवण्याची, कल्पना मांडली गेली तेव्हापासून लिंक हे एका साइटने दुसरीला दिलेलं मत मानलं जातं, आणि विकलेलं मत गूगलला मान्य नाही. अमेरिकेतल्या ओक्लाहोमात सर्चकिंग नावाची कंपनी चांगला पेजरँक असलेल्या साइटवरच्या लिंक विकून द्यायची. २००२मध्ये तिचा पेजरँक घसरला, ती कोर्टात गेली. पेजरँक हे गूगलचं मत आहे आणि मत मांडण्याला घटनेचं संरक्षण आहे, असं म्हणत कोर्टाने २००३मध्ये दावा निकाली काढला. २०१३मध्ये ब्रिटनमधल्या स्थानिक वृत्तपत्रांच्या साइटवर इंटरफ्लोरा या फुलांच्या कंपनीचे पैसे देऊन छापलेले लेख आले. कंपनी काही दिवस स्वतःच्या नावाच्या शोधातूनही गायब झाली, आणि त्या वृत्तपत्रांचा गूगलच्या टूलबारमध्ये (ब्राउझरवरच्या पट्टीत) तेव्हा दिसणारा पेजरँकही उतरला.

म्हणजे लिंक विकली की साइट बुडालीच का? तसं सरसकट होत नाही. बहुतेकदा तुमच्या साइटवरून जाणाऱ्या लिंकचं वजन गूगल गुपचूप शून्य करतं. डिसेंबर २०२२पासून गूगलची स्पॅमब्रेन ही स्पॅम पकडणारी यंत्रणा लिंक विकणाऱ्या साइटही हुडकते. पुढची पायरी म्हणजे सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात येणारी मॅन्युअल ॲक्शनची, म्हणजे माणसाने तपासून केलेल्या कारवाईची, सूचना. २०१६च्या एप्रिलमध्ये अशा सूचना अनेक ब्लॉगरांना गेल्या, तेव्हा गूगलकडून सांगितलं गेलं होतं की या साइटवरच्या लिंकवर आता विश्वास ठेवला जात नाही. याचा फटका तुम्ही मनापासून सुचवलेल्या साइटलाही बसतो. आणि जुगाराची ॲप, झटपट कर्ज असल्या लेखांनीच साइट भरली, तर मात्र गूगलच्या स्पॅम धोरणाप्रमाणे तुमची स्वतःची पानंही खाली जाऊ शकतात किंवा निघू शकतात.

टॅग लावलेली लिंक नियमात बसते. 'नोफॉलो' २००५पासून आहे, 'स्पॉन्सर्ड' २०१९मध्ये आला. पैसे घेतलेल्या लिंकला दोन्ही चालतात, गूगलची पसंती 'स्पॉन्सर्ड'ला. टॅगचं नाव काढताच निम्म्याहून अधिक गिऱ्हाइकं गप्प होतील. होऊ द्या. उरतात ती खरोखर तुमच्या वाचकांपर्यंत पोचू पाहणारी: एखादा प्रकाशक, क्लास, कोकणातलं होमस्टे. दर कमी मिळेल. दोन्ही दरांतला फरक म्हणजे तुम्ही पत्करत असलेल्या धोक्याचं मोल, एवढाच हिशेब.

मात्र टॅग म्हणजे कवच नव्हे. मार्च २०२४मध्ये गूगलने साइटच्या नावाचा गैरवापर रोखणारं धोरण जाहीर केलं आणि नोव्हेंबरमध्ये ते आणखी कडक केलं. साइटच्या नावावर शोधात वर येण्यासाठी बाहेरच्याने टाकलेली कूपन पानं किंवा लेख लिंकला टॅग असला तरी त्यात सापडतात. तिथे अख्खं पानच शोधातून वगळावं लागतं. शिवाय टॅग फक्त गूगलला कळतो. वाचकासाठी 'जाहिरात' हा शब्द वेगळा लिहावाच लागतो.

तिसरी वाट, अ‍ॅडसेन्ससारख्या जाहिराती. क्रमवारीच्या दृष्टीने लिंकचा प्रश्नच उरत नाही. फक्त मराठीत क्लिकमागे मिळणारी रक्कम तुटपुंजी, हे आधीच धरून चाला.

माझं मत: निम्मे वाचक जरी गूगलवरून येत असतील तर साधी लिंक विकू नका. आधीच विकल्या असतील तर काढा किंवा टॅग लावा. सूचना आली असेल तर त्यानंतर पुनर्विचाराचा अर्ज करा. 'या लिंक मोजू नका' असं गूगलला कळवणारी डिसअवाव फाइल इथे निरुपयोगी, ती तुमच्याकडे येणाऱ्या लिंकसाठी असते. टॅग लावून विकणार असाल तर 'कायमची' हा शब्द करारातून काढायला लावा, वर्षाची मुदत घाला. आज पुस्तकं विकणारं डोमेन उद्या सट्टेवाल्याच्या हाती गेलं, तरी तुमच्या पानावरची लिंक तिथेच नेत राहते.