स्टेलेरियम वर्गात वापरताना: रेखांश, त्रिकोणमिती आणि मृग नक्षत्र

सातारा शहरालगतच्या एका माध्यमिक शाळेत मी आठवी ते दहावीला गणित आणि भूगोल शिकवते. गेल्या जूनपासून वर्गात स्टेलेरियम हे संगणकावर आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर वापरते आहे. आता शैक्षणिक वर्ष संपत आलंय, म्हणून सविस्तर लिहिते. ‘हे शिकून काय उपयोग?’ या मुलांच्या प्रश्नाला इतकं सरळ उत्तर देणारं दुसरं सॉफ्टवेअर मी पाहिलेलं नाही.

नेमक्या याच प्रश्नासाठी बनवलेली सॉफ्टवेअर्स मी पूर्वी वापरून पाहिली होती. बहुतेक शेअरवेअर, म्हणजे काही दिवस चालवा, मग पैसे भरा. त्यात पुलावर उभ्या इंजिनिअरचं चित्र यायचं आणि खाली ओळ असायची, गणित शिकलात तर पूल बांधाल. चौदा वर्षांच्या मुलाला पुढच्या पंधरा वर्षांचं आश्वासन देऊन आजच्या तासाला त्याचं लक्ष लागत नाही. स्टेलेरियम कसलंच आश्वासन देत नाही. ते आकाश दाखवतं, आणि त्या आकाशाबद्दल साधा प्रश्न पडला तरी उत्तरासाठी भूगोलाचं किंवा भूमितीचं पुस्तक उघडावं लागतं.

फाबियां शेरो या फ्रेंच प्रोग्रामरने २००० च्या सुमारास याची सुरुवात केली. १.० ही आवृत्ती २०२२ मध्ये आली. संगणकावरची आवृत्ती पूर्ण मोफत आहे, मुक्त परवान्याखाली आहे, आणि एकदा टाकली की इंटरनेट लागत नाही. आमच्याकडे नेट कधी असतं, कधी नसतं, त्यामुळे ही सोय फार मोलाची. मूळ यादीतच सहा लाखांहून अधिक तारे आहेत, वर्गाला ते पुरून उरतात.

पहिल्यांदा एफ-६ दाबून ठिकाण भरायचं. मी अक्षांश १७.७ उत्तर, रेखांश ७४ पूर्व असे हाताने भरले. मुलांसमोरच भरा. आपलं गाव दोन आकड्यांत बसतं हे बघूनच मागच्या बाकांवरची कुजबुज थांबते.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मृगाचा. आमची बरीच मुलं शेतकऱ्यांच्या घरची. ‘मृग लागला’ हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं, पण लागला म्हणजे नक्की काय झालं, हे कुणाला सांगता येईना. ८ जूनची दुपार लावली. पडद्यावर निळं आकाश आणि सूर्य. मग ‘ए’ हे बटण दाबलं. त्याने वातावरण निघून जातं आणि भर दुपारी सूर्याच्या मागचे तारे दिसायला लागतात. सूर्य रोहिणी ओलांडून पुढे आलेला, आणि त्याच्या खालच्या अंगाला मृगाचं डोकं. वर्ग एकदम गप्प झाला. मग एक मुलगी म्हणाली, “म्हणजे मृग लागतो तेव्हा मृग दिसतच नाही!” बरोबर, कारण तो दिवसा सूर्यासोबत डोक्यावर असतो. मग तो रात्री कधी दिसेल? तारीख पुढे नेत नेत मुलांनीच डिसेंबर शोधून काढला. पृथ्वीचं परिभ्रमण हा धडा मी इतकी वर्षं फळ्यावर लंबवर्तुळ काढून शिकवत आले, पण तो त्या तासाला शिकवावाच लागला नाही. घरी जाऊन कुणी आजोबांना हे समजावून सांगितलं, कुणी आजोबांकडून पुढची नक्षत्रं लिहून आणली, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य. त्यांच्या तारखाही आम्ही तशाच तपासल्या.

दुसरा प्रयोग २२ डिसेंबरचा. मैदानात एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी केली आणि दुपारी दर काही मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करायला लावली. सर्वांत आखूड सावली बारा वाजता पडणार, असं झाडून सगळ्यांचं म्हणणं होतं. ती पडली साडेबाराच्या पुढे. आत येऊन स्टेलेरियममध्ये पाहिलं तर तिथेही सूर्य १२ वाजून ३२ मिनिटांच्या आसपास मध्यावर. आठवीच्या भूगोलातला पहिलाच पाठ स्थानिक वेळ आणि प्रमाण वेळ हा आहे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, आपण ७४ वर, फरक साडेआठ अंशांचा, अंशाला चार मिनिटं, म्हणजे ३४ मिनिटं. हा हिशोब मुलांनी स्वतः मांडला. मग उरलेल्या दोन मिनिटांवरून वाद सुरू झाला! पृथ्वीची कक्षा अगदी वर्तुळाकार नाही आणि आस कललेला आहे, त्यामुळे ही वेळ वर्षभर मागेपुढे होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती १२ः१८ येते आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२ः४८. दोन्ही तारखा लावून दाखवल्या.

त्याच सावलीने दहावीची त्रिकोणमितीही उरकली. सूर्यावर क्लिक केलं की त्याची उंची अंशांत येते, त्या दुपारी ती जवळपास ४८.९ होती. एक मीटरला तिच्या टॅनने भागलं की सावली ८७ सेंटिमीटर. मैदानात मोजलेली ८८. एक सेंटिमीटर कुठे गेला म्हणून मुलं पुन्हा बाहेर पळाली, तेव्हा सावलीची कड धूसर असते हे त्यांच्या लक्षात आलं. सूर्य हा ठिपका नाही, सुमारे अर्ध्या अंशाची तबकडी आहे, म्हणून ती धूसर. त्या दिवसानंतर टॅन थीटा कुठे वापरतात, हे मला कुणी विचारलेलं नाही.

ध्रुवताऱ्याचं थोडक्यात सांगते. त्याची उंची म्हणजे जवळजवळ आपला अक्षांश. ठिकाण बदलून कन्याकुमारी आणि श्रीनगर लावा, पोरं नियम आपणहून सांगतात.

संक्रांतीला मात्र तयारीनिशी जा. १४ जानेवारीला सूर्य मकरेत जातो असं कॅलेंडर सांगतं आणि स्टेलेरियम त्याला धनू राशीत दाखवतं. मुलं लगेच विचारतात, खोटं कोण? कुणीच नाही. स्टेलेरियममधल्या सीमा आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या आहेत, लहानमोठ्या आकाराच्या. पंचांगातल्या राशी सरसकट तीस अंशांच्या. शिवाय उत्तरायण खरं २२ डिसेंबरलाच सुरू होतं. साधारण १७०० वर्षांपूर्वी उत्तरायण आणि संक्रांत एकत्र येत. पृथ्वीच्या आसाची दिशा सावकाश फिरते, ७२ वर्षांत सुमारे एक अंश, त्यामुळे संक्रांत उत्तरायणापासून दूर गेली. हे मुलांना नीट सांगितलं तर विज्ञान आणि परंपरा यांचं भांडण लावावं लागत नाही.

इतिहासाच्या सहकाऱ्यांसाठीही एक सुचवते. तारीख १८ ऑगस्ट १८६८, ठिकाण गुंटूर. खग्रास ग्रहण दिसेल. तिथेच फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सन याने वर्णपटातून सूर्याच्या ज्वाला तपासल्या. त्या ग्रहणात सूर्याच्या वर्णपटात दिसलेल्या पिवळ्या रेषेतून पुढे हेलियमचा शोध लागला.

आता अडचणी. मराठी भाषा निवडता येते, पण भाषांतर अपुरं आहे, मधूनच इंग्रजी शब्द येतात. भारतीय नक्षत्रांचा पर्याय आकाश-संस्कृतींच्या, म्हणजे निरनिराळ्या संस्कृतींची नक्षत्रं निवडण्याच्या विभागात आहे, तो शोधून सुरू करावा लागतो. नव्या आवृत्तीला बऱ्यापैकी ग्राफिक्स लागतं. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकांवर ती चालली नाही, तिथे जुनी आवृत्ती टाकली. प्रोजेक्टरवर वर्गात पुरता अंधार नसेल तर मंद तारे दिसत नाहीत, खिडक्यांना काळं कापड लावा. आणि शिक्षकाने स्वतः आधी तासभर बसून सराव केलाच पाहिजे. मुलांच्या हाती नुसतं सोपवलं तर ती ग्रहांवर झूम करत बसतात, तास संपतो.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी बटणांची यादी पाठ करू नये. एफ-५ ने वेळ, एफ-६ ने ठिकाण, एफ-३ ने शोध, ‘ए’ने वातावरण, ‘जे’ आणि ‘एल’ने काळाचा वेग कमी-जास्त. एवढ्यावर माझं वर्ष निघालं. साताऱ्याचा शून्य सावलीचा दिवस, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन उभ्या काठीची सावली नाहीशी होते तो, १०-११ मेच्या आसपास येतो आणि तेव्हा सुट्टी असते. दुसरा येतो ऑगस्टच्या सुरुवातीला, पण तेव्हा आभाळ भरलेलं. म्हणून मेमध्येच गावात असलेल्या मुलांना साडेबाराच्या आधी मैदानात बोलावलं आहे. आपापल्या गावची तारीख आणि मिनिट त्यांनीच स्टेलेरियमवरून काढून आणायचं आहे.