उद्यमनगरातलं गॅरेज आणि माझ्या गाडीचं ऑइल: २२ महिन्यांनंतरचा अनुभव

नोव्हेंबर २०२३मध्ये कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून गाडी घरी आणली आणि चौथ्या दिवशी पार्किंगच्या फरशीवर रुपयाएवढा काळा डाग दिसला. पुसला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिथेच. खाली पुठ्ठा टाकून ठेवला, तर आठवड्यात त्यावर हाताच्या पंजाएवढं वर्तुळ झालं. गाडी परत नेली तेव्हा त्यांनी खालून फडक्यानं पुसून दिली आणि सांगितलं, "फिल्टर काढताना सांडतं मॅडम, थोडे दिवस थेंब पडतात." महिना झाला तरी थेंब पडतच होते.

त्या सर्व्हिसचं बिल ५,८४० रुपये होतं. घरी बसून नीट वाचलं तेव्हा त्यात इंजिन फ्लश, ऑइलमध्ये घालायचं ॲडिटिव्ह, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग आणि एसीचं जंतुनाशक असे चार खर्च सापडले. यातलं एकही मी मागितलं नव्हतं. मॅन्युअलच्या शेवटी सर्व्हिसचा तक्ता छापलेला असतो, त्यातही यांची नावं नाहीत. ऑइल साडेतीन लिटर लावलं होतं. माझ्या गाडीत फिल्टरसकट तीन लिटरच्या किंचित वर बसतं. ऑइलची पातळी बघायची काडी काढून पाहिली, तर ऑइल बरोबर वरच्या खुणेला होतं, म्हणजे गाडीत घातलं ते योग्यच. मग उरलेलं कुठे गेलं? विचारल्यावर "सिस्टीमला तसंच येतं" एवढंच उत्तर मिळालं. पैशांपेक्षा ते उत्तर मला जास्त लागलं. मी काचेच्या अलीकडे सोफ्यावर बसले होते, गाडी पलीकडे आत होती, आणि मधल्या दोन तासांत नक्की काय झालं हे सांगणारा तो एक कागदच माझ्या हातात होता.

गाडी २०१९ची पेट्रोल हॅचबॅक आहे. इचलकरंजीला बदली झाल्यापासून मी रोज कोल्हापूरहून जाऊन-येऊन करते, महिन्याला १,३०० ते १,४०० किलोमीटर होतात. म्हणजे १०,००० किलोमीटरचं ऑइल सात-साडेसात महिन्यांत संपतं. वर्षातून एकदा सर्व्हिसला टाकून विसरून जावं अशी माझी परिस्थिती नाही, म्हणून मी हा विषय गंभीरपणे घेतला.

ज्या गॅरेजबद्दल हे लिहितेय ते कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात आहे, आणि तिथल्या मिस्त्रींना मी तोंडओळखीनं जाणत होते. जुलै २०२१च्या पुरात शाहूपुरीत मावशीच्या घराखाली पाणी शिरलं आणि तिची गाडी बॉनेटपर्यंत बुडाली. पाणी उतरल्यावर मावसभाऊ किल्ली घेऊन खाली निघाला होता. शेजाऱ्यांनी बोलावलेले हे मिस्त्री तिथेच उभे होते, ते ओरडलेच: "स्टार्टर मारू नगा! आधी काडी काढा." काडीवरचं ऑइल दुधाच्या चहासारखं निघालं, म्हणजे पाणी इंजिनात गेलेलं. तशात इंजिन फिरवलं असतं तर बेअरिंगं गेली असती, आणि सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉडसुद्धा वाकतो. त्यांनी गाडी ओढून नेली, ऑइल काढलं, दोनदा नवं घालून पुन्हा काढलं. ती गाडी आजही चालते. हे डोळ्यांनी पाहूनही मी माझी गाडी कंपनीतच नेत राहिले, कारण सर्व्हिस बुकात शिक्का असला की गाडी विकताना किंमत येते असं सगळे सांगत होते.

डिसेंबर २०२३मध्ये पुठ्ठ्याचा फोटो घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी गाडी रॅम्पवर चढवली आणि मला म्हणाले, "ताई, हितं खाली या, बघा तुम्हीच." मोबाइलच्या उजेडात चेंबरचा, म्हणजे इंजिनाखाली ऑइल साठतं त्या भांड्याचा, नट दाखवला. त्याच्या कडेला ऑइलचा थेंब लोंबत होता. नट काढल्यावर कारण दिसलं. हवेच्या गननं आवळल्यामुळे नटाचे आटे अर्धे गेले होते, आणि वायसर जुनाच, चपटा होऊन कडा उलटलेला. हा वायसर एकदा दाबला गेला की त्याचं काम झालं, प्रत्येक वेळी नवा टाकायचा असतो. दहा-वीस रुपयांची वस्तू. चेंबरचे आटे नशिबानं शाबूत होते, नाहीतर आटे पाडून आत नवी बुश बसवावी लागली असती किंवा चेंबरच बदलावा लागला असता.

मला त्यांच्याबद्दल खरा भरवसा वाटला तो यानंतर जे झालं त्यानं. नट बदलायचा म्हणजे ऑइल काढणं आलंच. मी नवं ऑइल घालायच्या तयारीनं गेले होते, सर्व्हिस सेंटरनं घातलेलं ऑइल मला नकोच होतं. मिस्त्रींनी बोटावर घेऊन पाहिलं, वास घेतला आणि म्हणाले, "हे दीड हजार किलोमीटरच चाललंय, चांगलं हाय. टाकून देऊ नगा." धुतलेल्या स्वच्छ ट्रेमध्ये ऑइल काढलं, नवा नट आणि वायसर हातानं बसवला, टॉर्कच्या पान्यानं आवळला आणि तेच ऑइल बारीक जाळीतून गाळून परत घातलं. एकूण ३५० रुपये. दोन हजारांचं ऑइल सहज खपवता आलं असतं, मी मागतच होते.

तरी लगेच तिथेच चिकटले नाही. एप्रिलपर्यंत दोन ठिकाणं पाहून आले. हायवेलगतच्या एका दुकानात वीस मिनिटांत ऑइल बदलून देतात, दरही कमी, पण ऑइल बॅरलमधून मापानं काढतात. बॅरलवर नाव कुठलंही असलं तरी आत काय आहे हे मला कळायचा मार्ग नाही, म्हणून तिथून परतले. दुसरीकडे घरी येऊन बदलून देतात. ते काडीच्या नळीतून पंपानं ऑइल ओढून घेतात, खालचा नट उघडतच नाहीत. पद्धत चुकीची नाही, काही गाड्यांना तशी सोयही असते, पण माझ्या नटाची कथा ताजी होती. मला खालून पाहणारा माणूस हवा होता.

मे २०२४मध्ये, ४९,८०० किलोमीटरला, पहिलं ऑइल उद्यमनगरात बदललं. डबा मीच नेला. माझ्या गाडीला मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० सांगितलंय, हा ऑइलच्या पातळ-घट्टपणाचा ग्रेड. यावर आमच्याकडे वाद ठरलेला: आपल्या उन्हाळ्यात एवढं पातळ ऑइल कशाला, २०डब्ल्यू-४० घाला, इंजिन शांत चालेल. सासरे आजही हेच म्हणतात, आणि त्यांच्या जुन्या जीपला ते बरोबरच होतं. आताच्या इंजिनातल्या फटी अरुंद असतात, आणि व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावर चालते. सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिल्या काही क्षणांत ऑइल वर कॅमशाफ्टपर्यंत पोचायला हवं, तिथे घट्ट ऑइल मागे पडतं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड इंजिनातलं वागणं सांगतो, नंतरचा तापलेल्या इंजिनातलं. मिस्त्रींच्या भिंतीवर कोणतंही एकच ऑइल भारी असल्याची पाटी नाही. ते प्रत्येकाला मॅन्युअल आणायला सांगतात आणि त्यातलं पान उघडून पाहतात. डब्याच्या मागे एपीआय या अमेरिकन पेट्रोलियम संस्थेचं गोल चिन्ह असतं, त्यात एसएन, एसपी अशी अक्षरं. एसपी ही २०२०पासूनची श्रेणी, आणि एसएन मागणाऱ्या पेट्रोल इंजिनाला ती चालते. हे मला त्यांनीच सांगितलं.

बदलायची त्यांची रीत अशी. इंजिन कोमट असताना नट काढतात आणि ऑइल धारेचं थेंबावर येईपर्यंत थांबतात, निदान पंधरा मिनिटं. तोवर चहा. फिल्टर काढल्यावर जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिलेली नाही ना, हे बोट फिरवून बघतात. ती राहिली आणि नवा फिल्टर तिच्यावर बसला, तर गाडी रस्त्यात सगळं ऑइल ओकते. नव्या फिल्टरच्या रिंगला ऑइलचं बोट लावून तो हातानंच आवळतात. डब्याचं सील माझ्यासमोर फोडतात. भरल्यावर इंजिन दोन मिनिटं चालू, मग बंद, पाच मिनिटांनी काडी. काडी मला दाखवतात. मग पुन्हा खाली जाऊन नटाला आणि फिल्टरला कोरडा कागद लावून बघतात. रिकामा डबा स्क्रू ड्रायव्हरनं भोसकून मगच टाकतात. भंगारात चांगल्या स्थितीतले रिकामे डबे विकत घेणारे असतात, आणि त्यांत पुन्हा काय भरलं जातं हे त्यांनी धंद्यात पुरेसं पाहिलंय. मीही आता डबा घेताना सील, बॅच नंबर आणि क्यूआर कोड तपासते, आणि पक्कं बिल घेते.

त्या वेळचा खर्च: ऑइल, फिल्टर आणि वायसर मिळून २,०६० रुपये, मजुरी २५०.

दुसरा बदल डिसेंबर २०२४, ५९,४०० किलोमीटर. यात सांगण्यासारखं एवढंच की त्या दिवशी माझ्या गाडीचा फिल्टर त्यांच्याकडे नव्हता. दुसऱ्या गाडीचा, त्याच आट्यांचा फिल्टर होता. बसला असता, आणि मला कळलंही नसतं. त्यांनी पोराला स्कूटरवर पाठवून बरोबर नंबरचा मागवला, पाऊण तास गेला. मला ऑफिसला उशीर झाला, पण तो पाऊण तास मला आवडला.

तिसरा बदल जुलै २०२५, ६८,९०० किलोमीटर. रॅम्पवर असताना टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, कडेला ओलसरपणा दिसला. दुसऱ्या कुणीही पॅकिंग बदलायला सांगितलं असतं, आणि मी बदललंही असतं. मिस्त्रींनी कडा पुसली, खडूनं छोटी खूण केली आणि म्हणाले, "घाम हाय नुसता. दसऱ्यापर्यंत बघू. खूण ओली झाली तर या." दसऱ्यानंतर मी बॉनेट उघडून पाहिलं, खूण कोरडी होती. दर पंधरा दिवसांनी मी काडी बघते आणि वहीत लिहिते. १०,००० किलोमीटरमध्ये ऑइल वरच्या खुणेपासून एक तृतीयांश उतरतं, मध्ये भर घालावी लागलेली नाही. मायलेज वाढलं असं मी म्हणणार नाही, होतं तेवढंच आहे. पार्किंगची फरशी कोरडी आहे.

काढलेलं काळं ऑइल कुठे जातं, हे मी त्यांना दुसऱ्या भेटीत विचारलं. आपल्याकडे ते सेंटरिंगच्या फळ्यांना फासतात, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून लावतात, काही जण सरळ गटारात सोडतात. यात जड धातू असतात आणि नियमानं हा घातक कचरा आहे. एप्रिल २०२४पासून वापरलेल्या ऑइलसाठी उत्पादकांवर पुनर्प्रक्रियेची जबाबदारी टाकणारे नियमही लागू झालेत. मिस्त्रींकडे झाकणाचं २०० लिटरचं पिंप आहे, भरलं की परवानाधारक गाडी येऊन नेते, पावती फाइलला लावलेली असते. पंचगंगेकाठच्या शहरात हे मला ऑइलच्या ग्रेडइतकंच महत्त्वाचं वाटतं. गॅरेज निवडताना हा प्रश्न जरूर विचारा, उत्तर देताना समोरचा अडखळतो की नाही ते लगेच दिसतं.

आता अडचणी. शनिवारी तिथे जाऊच नये, दोन रॅम्प आणि दहा गाड्या असतात. सोमवारी बंद. बसायला एक बाकडं, आणि बायकांसाठी स्वच्छतागृह नाही. हे मी त्यांना दोनदा बोलले आहे, जागा भाड्याची असल्यानं अडलंय असं म्हणतात, पण व्हायला हवं. बिघाडाचा कोड वाचणारा स्कॅनर जुना आहे. इंजिनाचा दिवा लागला आणि कोड कळला नाही तर ते स्वतःच कंपनीत जायला सांगतात. बिल जीएसटी नंबरासह देतात, पण हातानं लिहिलेलं. नोंद ठेवायची तर आपणच.

वॉरंटीतल्या गाडीला मी तिथे जा म्हणणार नाही. माझ्या नणंदेची गाडी गेल्या वर्षीची आहे, ती कंपनीतच जाते. २५ ऑगस्ट २०१४ला भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना दंड केला होता. बाहेरच्या गॅरेजांना सुटे भाग मिळू द्या आणि बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असं त्या आदेशात होतं. तरी इंजिनाच्या दाव्यासाठी वाद घालत बसण्यापेक्षा वॉरंटीची तीन वर्षं कंपनीतच काढावीत असं मला वाटतं. फक्त नणंदेला मी एक शिकवलंय: जॉब कार्डवर सही करण्याआधी "मॅन्युअलच्या तक्त्याबाहेरचं काम विचारल्याशिवाय करू नये" हे वाक्य स्वतःच्या हातानं लिहायचं, आणि ऑइल भरताना समोर उभं राहू द्या म्हणायचं. पहिल्यांदा त्यांनी इन्शुरन्सचं कारण देऊन नकार दिला. तिनं मॅनेजरला विचारलं, तर हेल्मेट देऊन आत नेलं.

गॅरेजचं नाव लिहीत नाही. आहेत तीच गिऱ्हाइकं आवरत नाहीत, असं मिस्त्रींनीच सांगितलंय.

आज रीडिंग ७३,१५० आहे. सकाळी काडी पाहिली, ऑइल वरच्या खुणेच्या जरा खाली, तपकिरी, पेट्रोलचा वास नाही. पुढचा बदल ७८,९००ला, म्हणजे फेब्रुवारीत कधीतरी, मंगळवारी सकाळी नऊला. सासऱ्यांची गाडीही त्याच दिवशी न्यायची ठरलीय.